भिंतीत गेलेली तार

(नागापूर येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. वक्त्या तारतंत्री आहेत आणि गेली काही वर्षं मुलींना वायरिंगचं काम शिकवतात. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे. – संपादक)

मैत्रिणींनो,

मघाशी ताईंनी माझी ओळख करून दिली, "या लाइटीचं काम करतात." अगदी बरोबर. मेळाव्यांना मला बोलावणं येतं, पण ते बहुतेक वेळा माइक बंद पडला म्हणून. (हशा) आज माइक चालू असताना बोलावलंय, तर जरा सविस्तर बोलून घेते.

आधी एक जुनी आठवण. आपल्यातल्या ज्या पन्नाशीच्या पुढच्या आहेत त्यांना 'स्टोव्हचा भडका' हे शब्द आठवत असतील. नवी सून जळून जायची आणि पंचनाम्यात दोन शब्द लिहिले जायचे, की झालं. स्टोव्हचा भडका फक्त सुनेच्याच अंगावर कसा येतो, सासूच्या का नाही, हे विचारायला संघटना रस्त्यावर उतरल्या तेव्हा कुठे ते दोन शब्द पुरेनासे झाले. आता मी जे सांगणार आहे तो हुंड्याचा प्रश्न नाही. पण तसाच एक शब्द आज सगळीकडे चालतो आणि त्या शब्दापाशी सगळ्यांची चौकशी थांबते. तो शब्द म्हणजे 'शॉर्टसर्किट'.

६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीजेचा दिवस. इथून जवळच, नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला सकाळी आग लागली. आत करोनाचे सतरा रुग्ण होते. त्या दिवशी अकरा जण गेले. आपल्यापैकी कुणाकुणाच्या नात्यातले असतील, म्हणून मी फार बोलत नाही. प्राथमिक अंदाज काय आला? शॉर्टसर्किट. आणि तीन दिवसांत अटक कुणाला झाली? एक डॉक्टर आणि तीन परिचारिका. चौघीही बायका. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात मध्यरात्रीनंतर आग लागली. दहा बाळं गेली. तीन भाजून आणि सात धुरानं गुदमरून. तिथेही गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर.

ड्यूटीवर असताना कुणी हलगर्जी केली असेल तर त्याची चौकशी व्हावी, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी तारेचं काम करणारी बाई आहे, मला दुसरा प्रश्न पडतो. ज्या खोलीत व्हेंटिलेटर, वॉर्मर, एसी सगळं चोवीस तास चालतं तिथली केबल कुणी ओढली? किती जाडीची? एवढा भार तिला झेपतो का हे कुणी मोजलं? काम संपल्यावर तपासणी झाली का, आणि तो कागद कुठे आहे? नर्सची ड्यूटी कागदावर असते, म्हणून ती लगेच सापडते. तार ओढणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. तो प्लॅस्टर व्हायच्या आधी येऊन गेलेला असतो.

शॉर्टसर्किट म्हणजे काय, हे सोप्या शब्दांत सांगते. फेजची तार आणि न्यूट्रलची तार एकमेकींना जिथे भेटायला नको तिथे भेटल्या. पण त्या का भेटल्या? वरचं प्लॅस्टिक का वितळलं, का सोललं गेलं? तिथून पुढे खरी चौकशी सुरू व्हायला हवी. डॉक्टरनं मृत्यूचं कारण 'हृदय बंद पडलं' असं लिहिलं तर आपण ऐकून घेतो का? हृदय सगळ्यांचंच बंद पडतं.

आणि बऱ्याचदा आग लागते तेव्हा आधी शॉर्टसर्किट झालेलंच नसतं. आधी असतो एक ढिला जोड. समजा, दोन किलोवॅटचा गीझर आहे. तो नऊ अँपिअरच्या आसपास करंट घेतो. त्याच्या तारेला भिंतीत कुठेतरी जोड आहे, हातानं पिळा मारून वर चिकटपट्टी गुंडाळलेली. तो जोड सैल झाला, त्याला गंज धरला आणि तिथे अर्धा ओहम एवढा अडथळा तयार झाला. तर त्या हरभऱ्याएवढ्या जागी जवळपास चाळीस वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याची डाग द्यायची इस्त्री पंचवीस वॅटची असते, त्यानं शिसं वितळतं. आता भिंतीच्या आत, प्लॅस्टिकच्या पाइपात तशी दीड इस्त्री रोज सकाळी अर्धा तास लावून ठेवलीय असं समजा. एमसीबी का पडत नाही? कारण करंट जास्त जातच नाहीये. गीझरला हवा तेवढाच जातोय. एमसीबीला त्या जोडाचं काहीच कळत नाही. ते कळतं फक्त जोड मारणाऱ्या हाताला, तेही मारताना.

म्हणून मुलींना मी पहिली गोष्ट शिकवते की पाइपाच्या आत जोड नाही म्हणजे नाही. जोड मारायचाच तर तो उघडता येईल अशा डब्यात, स्क्रूच्या कनेक्टरनं. तार कमी पडली तर पुन्हा अख्खी ओढायची. कंत्राटदार ओरडतो, ओरडू दे.

आता इथल्या खोल्यांकडे येते, कारण रुग्णालयात आपण चार दिवस असतो आणि खोलीत जन्मभर. नागापूर-नवनागापूर भागात एमआयडीसीमुळे भाड्याच्या खोल्यांच्या किती ओळी उभ्या राहिल्यात ते तुम्ही बघताच. मालक एक मीटर घेतो, आणि पहिल्या खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशी तार पुढे नेतो. पहिल्या खोलीची तार बारा खोल्यांचा भार वाहते. मालकानं ती घातलेली असते दिव्यापुरती. खरं तर दिव्याला तांब्याची दीड चौरस मिलिमीटरची तार लागते, प्लगला अडीचची, गीझरला चारची. तारेवर हे छापलेलं असतं, आयएस ६९४ आणि आयएसआयचा शिक्का पण असतो. दुकानात गुंडाळी हातात घेऊन वाचा. साडी घेताना आपण पदर उलगडून बघतो ना?

मी स्वतः अशाच खोलीत वाढले. शेजारच्या काकूंचं सांगते. पावसाळ्याचे दिवस, पत्र्याची शेड, आणि पत्र्याच्या खांबाला बांधलेली कपडे वाळत घालायची लोखंडी तार. वरून बल्बची वायर पत्र्याला घासून सोलली होती. काकूंनी ओला परकर तारेवर टाकला. सोडवायला धावलेली मुलगी वाचली, काकू गेल्या. लोक म्हणाले, नशीब. माझे वडील म्हणाले, फ्यूज का नाही उडाला? मी तेव्हा सातवीत होते. त्या प्रश्नाचं उत्तर मला आयटीआयमध्ये गेल्यावर मिळालं, ते तुम्हाला आजच देते.

फ्यूज माणसासाठी नसतो, तारेसाठी असतो. घरातला छोटा फ्यूज पाच अँपिअरचा, म्हणजे पाच हजार मिलिअँपिअर. शंभर वॅटचा जुना बल्ब घेतो साधारण चारशे तीस. आणि माणसाच्या छातीतून पन्नास ते शंभर मिलिअँपिअर थोडा वेळ गेले तरी हृदयाचा ठोका बिघडू शकतो. म्हणजे बल्बाच्या पाव हिश्श्यात माणूस जातो. फ्यूजच्या लेखी काही घडलेलंच नसतं. माणसाला वाचवणाऱ्या गोष्टी दोन. एक चांगलं अर्थिंग. दुसरं आरसीसीबी नावाचं यंत्र, तीस मिलिअँपिअरचं. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत फरक पडला की ते डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइट तोडतं. त्यावर 'टी' लिहिलेलं एक बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं, लाइट गेली पाहिजे. ज्यांच्या घरी हे यंत्र आहे त्यांनी हात वर करा. (चार हात) बघा.

अर्थिंगचं तर काय सांगावं. तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड पिन अर्थिंगची. ती लांब ठेवलेली असते, म्हणजे प्लग घालताना आधी तिचा स्पर्श व्हावा आणि काढताना शेवटी सुटावा. इतका विचार करून बनवलेली वस्तू, आणि आपल्या खोल्यांत त्या भोकामागे तारच नसते. काही ठिकाणी असते, पण ती मागे न्यूट्रललाच जोडलेली. हे तर नसण्यापेक्षा वाईट. मीटरकडून येणारी न्यूट्रल कुठे तुटली, की फ्रिजचा दरवाजा, वॉशिंग मशिनचा पत्रा, सगळ्यात फेज येते. दिसायला तीन तारा, मालक अभिमानानं दाखवतो. आणखी एक, बटण न्यूट्रलवर बसवणं. बटण बंद केलं, बल्ब विझला, आणि होल्डरमध्ये फेज तशीच. स्टुलावर चढून जाळी पुसणारी बाई. पुढचं सांगत नाही.

ही सगळी कामं कोण करतं? वाईट माणसं करत नाहीत हो. पोटासाठी कुणाच्या तरी हाताखाली दोन महिने पाना-पक्कड धरलेली पोरं करतात. त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. भोकात तार मावत नाही म्हणून सात पदरांतले तीन कापून टाकायचे, ही मोठी रुजलेली सवय. सुरीनं सोलताना तांब्यावर चर पडतो, तिथेच ती पुढे तुटते किंवा तापते. स्क्रू प्लॅस्टिकवरच आवळला जातो. माझ्या हातूनही झालंय. शिकाऊ असताना एका घरात मी स्क्रू आवळले आणि ओढून बघायचं राहिलं. पंधरा दिवसांनी त्या बाईंचा निरोप आला की बोर्ड गरम लागतोय, वास येतोय. उघडलं तर होल्डर पिवळा पडलेला. त्या बाई नाकानं हुशार म्हणून निभावलं. तेव्हापासून प्रत्येक तार स्क्रूखाली गेली की मी तिला एक हिसका देते, आणि मुलींना हिसका दिल्याशिवाय बोर्ड मिटू देत नाही. त्या मला 'हिसका मॅडम' म्हणतात, मागून. (हशा)

आता शिक्षणाचं. आठवीनंतर तारतंत्री, दहावीनंतर वीजतंत्री, दोन्ही दोन-दोन वर्षांचे. आयटीआयमध्ये मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव आहेत. तरी मुली येतात शिवणकामाला आणि कॉम्प्युटरला. मी १९९६ साली गेले. राज्याचं पहिलं महिला धोरण १९९४ ला आलं होतं, वातावरणात ती हवा होती, म्हणून वडिलांनी हो म्हटलं. वर्गात आम्ही दोघीच. सरांनी चांगलं शिकवलं, पण झिरी मारायची वेळ आली की छिन्नी-हातोडा मुलांच्या हातात, आणि आम्हाला वही. "तुम्ही रीडिंग लिहा." त्याचा एक फायदा झाला. मेगरचं रीडिंग घ्यायला मी इतकी तरबेज झाले की आजही माझं पोट त्यावर चालतं. मेगर म्हणजे तारेवरचं प्लॅस्टिक धड आहे का हे बघायचं यंत्र. तारेत पाचशे व्होल्ट सोडतं आणि किती गळतं ते सांगतं. एक मेगओहमच्या खाली आकडा आला तर काम नापास. प्लॅस्टरच्या आधी एकदा आणि नंतर एकदा घ्यायचं, कारण मधल्या काळात गवंडी खिळा ठोकतो, सुतार ड्रिल मारतो, आणि हल्ली तर कॅमेरेवाला पोरगा येऊन आपली केबल लाइटीच्याच पाइपात घुसवून जातो. ते कधीच करू नये, दोघींचे पाइप वेगळे.

कामावरच्या अडचणीही सांगते, नाहीतर मी फक्त गोड गोड बोलले असं व्हायचं. बांधकामावर बायकांसाठी संडास नसतो. मी कित्येक वर्षं सकाळपासून पाणी न पिता कामं केली आणि त्याची किंमत मूत्रपिंडांनी मोजली. शिडीवर चढले की खालून शेरे. घरमालकीणच विचारते, "कुणी पुरुष माणूस नाही का आला?" हे ऐकलं की सगळ्यात जास्त लागतं. उंचीची भीती म्हणाल तर शेजारच्या बीड जिल्ह्यात महावितरणच्या महिला जनमित्र खांबावर चढून तारा जोडतात. आणि पुणे जिल्ह्यात पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ ला सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात, खेड्यातल्या मुलांबरोबर मुलीही हातानं वायरिंग करून शिकत आल्या आहेत. त्यामुळे मुलींना जमतं का, या प्रश्नावर मी आता वेळ घालवत नाही.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. याच नागापूरच्या एमआयडीसीत स्विचगिअर बनतं, मोटारी बनतात. लार्सन अँड टुब्रोचा स्विचगिअरचा कारखाना इथला, २०२० मध्ये तो व्यवसाय श्नायडरकडे गेला. छोट्या शॉपमध्ये वायर हार्नेस बनतात. मी स्वतः एका शॉपमध्ये दोन वर्षं हार्नेस बांधले आहेत. टेबलावर शंभर टक्के बायका. एकेक टोक क्रिंप करायचं, ओढून बघायचं, रंग जुळवायचा, आणि चुकलं तर सुपरवायझर परत पाठवायचा. म्हणजे जोड कसा असावा हे या गावातल्या शेकडो बायकांच्या बोटांना ठाऊक आहे. त्या संध्याकाळी घरी जातात आणि पिळा मारून चिकटपट्टी लावलेल्या जोडाखाली झोपतात. कारखान्यात तपासणी आहे, घरात नाही, एवढाच फरक.

नियम नाहीत असं नाही. परवानाधारक कंत्राटदार आणि परवानाधारक देखरेख असल्याशिवाय वायरिंगचं काम करू नये, हे १९५६ च्या भारतीय वीज नियमांत होतं. २००३ च्या वीज कायद्याखालच्या नियमांतही आहे. नवं कनेक्शन घेताना टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो, त्यावर कंत्राटदाराची सही लागते. होतं काय, काम एक करतो आणि सही दुसऱ्याची आणली जाते, ज्यानं ते घर पाहिलेलंही नसतं. मलाही विचारलं गेलंय. "मॅडम, तुमच्या ओळखीनं सही मिळवून द्या, मेगर कशाला फिरवता?" तो रिपोर्ट म्हणजे घराचा जन्मदाखला आहे. आपण रेशनकार्ड जपतो, हा कागद मागतसुद्धा नाही.

संघटनांसाठी म्हणून एक मुद्दा मुद्दाम सांगते, लिहून घ्या. विजेनं कुणी दगावलं तर वीज कायदा २००३ च्या कलम १६१ खाली त्याची खबर विद्युत निरीक्षकाला द्यावी लागते, आणि शासन त्याच्याकडून चौकशी करवून घेऊ शकतं. आपण पोलीस ठाण्यात जातो, शवविच्छेदनाचा अहवाल मागतो, विद्युत निरीक्षकाचा अहवाल मागत नाही. तो मागा. काकूंच्या वेळी आम्हाला हे माहीत असतं, तर निदान त्या मालकाच्या बाकीच्या अकरा खोल्यांची वायरिंग तरी बदलली असती. ती पुढे कित्येक वर्षं तशीच होती.

आणि दवाखान्यात, शाळेत, वसतिगृहात कामाला असणाऱ्या बहिणींनो, बोर्ड गरम लागतो, एसीच्या प्लगला वास येतो, दिवा मिणमिणतो, हे तुम्हाला सगळ्यांच्या आधी कळतं. तोंडी सांगू नका. दोन ओळी लिहून द्या, तारीख घाला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. उद्या काही झालंच, तर तुमच्या ड्यूटीच्या कागदाबरोबर हाही कागद फाइलमध्ये असायला हवा.

धुराचंही सांगायचं राहिलं. साध्या केबलवरचं पीव्हीसी जळलं की काळा दाट धूर होतो, आणि त्यात जो वायू असतो तो घशातल्या ओलाव्यात मिसळून आम्ल बनतो. ज्वाळा लांब असतानाच माणूस गुदमरतो. कमी धुराच्या, हॅलोजन नसलेल्या केबल बाजारात आहेत. थोड्या महाग आहेत. दवाखाना, शाळा, जिना, इथे त्याच मागा. केबल एका खोलीतून दुसरीत नेताना पाडलेलं भोक आग न धरणाऱ्या मसाल्यानं बुजवायचं असतं, नाहीतर धूर त्याच वाटेनं पुढच्या खोलीत जातो. बहुतेक ठिकाणी ते भोक उघडं असतं आणि त्यात वर्तमानपत्र कोंबलेलं असतं.

आता फार झालं, जेवायची वेळ झाली. एक ठरलंय ते सांगते. उद्या सकाळी दहाला आपण इथल्या अंगणवाडीच्या खोलीतला बोर्ड उघडणार आहोत. सरपंचांची परवानगी ताईंनी घेतलीय. मेन स्विच मी स्वतः बंद करीन आणि फ्यूज काढून माझ्या पर्समध्ये ठेवीन, तोवर कुणी हात लावायचा नाही. येताना पायात रबरी चप्पल घाला, हातातल्या बांगड्या आणि घड्याळ काढून ठेवा. ज्यांना शिडीवर चढायचंय त्यांनी पंजाबी ड्रेस घालून या. मेगर माझा आहे. वही मात्र या वेळी पुरुषांनी आणावी, रीडिंग लिहायला. (हशा, टाळ्या)